भ्यालेल्या माणसावर पिक्चर निघत नाही

वसंतअण्णा गेल्याचा निखिलचा मेसेज आला तेव्हा मी बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात ट्रॅफिकमध्ये अडकले होते. आधी रडू आलं नाही, संताप आला. “केलंत ना शेवटी स्वतःचंच खरं!” असं मी कॅबमध्ये मोठ्यानं म्हणाले आणि ड्रायव्हर दचकून मागे बघायला लागला. आता काही आठवडे उलटलेत, तरी अण्णांशी घातलेला तो वाद डोक्यातून जात नाही. ज्या चित्रपटावरून तो झाला, तो तर मुळीच जात नाही.

अण्णांचं घराणं मराठी, पण कैक पिढ्यांपासून बंगळूरचं, कापडाच्या व्यापारातलं. दुकान पुतण्याकडे सोपवल्यावर त्यांनी येलहंक्याच्या घरात माडीवर पडदा लावला आणि दर रविवारी दुपारी आम्हा पुण्या-नागपूरच्या आयटीवाल्यांना जगभरचे चित्रपट दाखवायला लागले. नियम एकच. संपल्यावर ‘छान होता’ म्हणायचं नाही, आपली नजर कुठे हटली ते सांगायचं. “स्तुती काय, कोणबी करतंय की. बघवलं नाही कुठं, ते सांगा,” म्हणायचे. मी मात्र आधी मत ठोकून मोकळी व्हायची, म्हणून माझं नाव त्यांनी पुणेकरीण ठेवलं होतं.

त्या रविवारी एका जपानी लेखकावरचा चित्रपट होता. मोठा लेखक, पण पोरांना गणवेश चढवून स्वतःची सेना उभी करणारा आणि शेवटी सगळ्या जगाच्या देखत स्वतःच्या हातानं मरण ओढवून घेणारा. चित्रपट विलक्षण देखणा होता आणि तीच तर पंचाईत होती. संपल्याबरोबर नियम गेला उडत. आमच्यातला निखिल भारावून म्हणाला, “कसला माणूस यार! ठरवून जगला, ठरवून गेला. टोटल कंट्रोल!” मी तडकलेच. असल्या माथेफिरूला इतकं सुंदर दाखवायचंच कशाला? त्यावर कुणीतरी म्हणालं की कला वेगळी, माणूस वेगळा, आणि मग जी जुंपली... नजर मात्र आम्हा सगळ्यांची एकाच ठिकाणी हटली होती, मरणाच्या प्रसंगात. अण्णांची नाही. “मी तिथं बघतच होतो. त्याच्या आधी सकाळी तो बटणं लावतो ना, तिथं बघवलं नाही. हात जराबी हलत नाही त्याचा.”

हृदयाचं ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं आणि अण्णा ते पुढे ढकलत होते, हे आम्हाला माहीत होतं. त्यात आता ते हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघायला लागले. “आज परत बघितला,” असा त्यांचा फोन आला की मला शंका यायची. त्या नीटनेटक्या मरणाची भूल तर पडली नाही ना यांना? एका रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन धडकले आणि विचारलं, “तारीख घेतलीत?”

“स्वल्प थांब की ग.”

“किती थांबू? त्या माणसाच्या नादी लागलाय तुम्ही. तुम्हालाही तसंच ठरवून जायचंय ना?”

अण्णा हळू आवाजात म्हणाले, “मी कुठं काय ठरवलंय? मला भ्या वाटतंय. छाती उघडणार म्हणतात. भ्यालेल्या माणसावर कोण पिक्चर काढत नाही, म्हणून ह्याचाच बघतोय. न भिता कसं राहतात, ते कळतंय का बघतोय.” खाली बायको होती, त्या जिन्याकडे नजर टाकून ते पुढे म्हणाले, “अक्काला सांगू नको. गोळ्यांनी भागतंय म्हणून सांगितलंय तिला.” मी वाद घालायच्या तयारीनं गेले होते आणि ‘नाही सांगत’ असा शब्द देऊन बसले. त्याच आठवड्यात, दुपारी जेवून आडवे झालेले अण्णा उठलेच नाहीत.

परवा त्यांच्या पत्नीनं, शांताअक्कांनी, आम्हाला बोलावून घेतलं. हे सारखा कुठला पिक्चर बघत होते, तो मला दाखवा म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या माडीवर कधी बसल्या नव्हत्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं, पण नाही कसं म्हणणार? अक्कांनी तो पापणी न लववता बघितला आणि दिवे लागल्यावर विचारलं, “त्या सकाळी ह्याची बायको कुठं होती?”

“ते दाखवलं नाही, अक्का,” निखिल म्हणाला.

“हं.” अक्का कोऱ्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या, “डॉक्टर काय म्हणाले, ते मला ठावं होतं. मी विषय काढला असता तर हे माझ्यासाठी तयार झाले असते, आतून भीत भीत. म्हणून काढला नाही. आता रोज वाटतंय, काढायला पायजे होता.”

मला राहवेना. अण्णांना दिलेला शब्द मोडावा की पाळावा, याचा विचार करायच्या आतच मी बोलून गेले, “अक्का, अण्णा मला म्हणाले होते. भीती वाटते, म्हणाले होते.”

त्या चिडतील, घरातल्यांना सोडून परक्या बाईला कसं सांगितलं म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“खरं? तुला सांगितलं त्यांनी?... मग बरं झालं बाई. मला वाटत होतं, एकटेच भीत राहिले.”