मे महिन्यातला स्वेटर

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, त्याची आधीच माफी मागते. पण मे महिन्यात स्वेटर घालून फिरणारी बाई तुम्ही कुणी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. बाह्या बोटांपर्यंत ओढून ती आमच्या वॉर्डात यायची आणि म्हणायची, "बाई, काय थंडी वाजून राह्यली."

आम्ही दोघी वर्ध्याच्या एका दवाखान्यात आया होतो. ऐंशी सालानंतर तिथे कॉम्प्युटर आला. त्याला धूळ चालत नाही, गरमी चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी एसीची खोली केली. तिथे झाडायला आणि छापलेले कागद वॉर्डात पोचवायला एक आया हवी होती. साहेबांनी विचारलं, इंग्रजी आकडे कुणाला वाचता येतात? मला येत होते. पण साहेबांसमोर तोंड उघडेना. ती म्हणाली, "मले येते जी."

तिला येत नव्हते. त्याच संध्याकाळी ती माझ्याकडून शिकली. मी शिकवलेही. रात्रभर मात्र माझा डोळा लागला नाही.

पूर्वी पेशंट दुसऱ्यांदा आला की जुना केसपेपर शोधण्यात दुपार जायची. आता नुसता नंबर सांगायचा. मागचा आजार, औषधं, सगळं छापून यायचं. मोठे डॉक्टर त्या कागदासाठी दाराकडे बघत राहायचे आणि दारातून स्वेटर घालून ती यायची. कागद मशीन काढायचं, मान हिची ताठ. मी बेडपॅन हातात घेऊन भिंतीला सरकायची.

एकदा मी तिच्याकडे बघून घाम पुसला, जरा जास्तच पुसला असेन. ती म्हणाली, "काऊन वं, ऊन काय माह्यामुळं पडून राह्यलं?" सगळ्या आया हसल्या. मीही हसले.

मग एका दुपारी आंजीहून बैलबंडीत एका मजूर बाईला आणलं. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना तिला ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं, शुद्ध नाही. त्यात लाइट गेलेली, पंखे बंद, बर्फ संपलेला. तरुण डॉक्टर म्हणाले, हिला गार जागा पाहिजे, नाहीतर ही जाईल. कॉम्प्युटरच्या खोलीला जनरेटर होता. पण तिथे पेशंट न्यायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

ती कुणाला विचारत बसली नाही. स्ट्रेचरचं एक टोक तिने उचललं. दुसरं मी धरलं होतं.

बाईला मशीनच्या शेजारी ठेवलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आम्ही ओली चादर घातली. तासाभराने बाईने पाणी मागितलं. तेवढ्यात साहेब आले. फरशीवर पाणी बघून त्यांचा चेहरा उतरला. मशीन बंद पडलं तर लाखाचं नुकसान, म्हणाले. हिला कुणी आणलं?

"मी आणलं," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "जागा लय आहे जी. मशीन काई सगळ्या खोलीत झोपत नाई."

मशीनला काही झालं नाही. तिला मात्र दुसऱ्या दिवशी धुण्याच्या खोलीत पाठवलं आणि तिची जागा मला मिळाली. तिने मला वाचवलं, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, सगळं तिने एकटीनेच घेतलं. शिक्षाही आणि नावही. आजसुद्धा दवाखान्यात ती गोष्ट निघाली की स्ट्रेचरला एकच टोक असतं.

पुढे नोकरी सोडून ती नाचणगावला लेकीकडे राहायला गेली. नंतरच्या मे महिन्यात कॉम्प्युटरच्या खोलीच्या काचेच्या दाराशी एक बाई उभी दिसली. पायांतल्या वहाणा काढलेल्या, हातात आंब्यांची पिशवी. ऊन लागलेली ती आंजीचीच. मी स्वेटर घातलेला होता, तरी तिने मला ओळखलं नाही.

तिला त्या दिवशी आत आणणारी कुठे आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ती आता नाचणगावला असते. तू आत ये, गार आहे. आंबे ठेव, कुणाबरोबर तरी पाठवते.

"नाई बाई. मले तिलेच भेटाचं आहे," ती म्हणाली आणि तिने नाचणगावची बस विचारली. मी सांगितली. पुलगावला उतरून पुढे जावं लागतं, हेही सांगितलं. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि त्या उन्हात चालायला लागली.

माझ्यासाठी अशा उन्हात कुणी बसने गेलेलं मला आठवत नाही.