नऊ वर्षं उभी राहिलेली पिकअप

ती पिकअप आणि तिचा मालक, दोघंही अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर सकाळी चहा पिताना कधी एकटाच हसलो, तर तो याच प्रकरणावरून. हसण्याआधी मात्र दोन दिवस माझी झोप उडाली होती.

मी तेव्हा कन्नड तालुक्याच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळी हजेरी घेऊन स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात पिशोरचा एक गॅरेजवाला मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, बोटं डिझेलनं काळी. कधीकाळी चोरीची गाडी दुरुस्त केली म्हणून हा माणूस आमच्याकडे चार दिवस बसून गेला होता. त्यामुळे आपल्या पायांनी आला म्हणजे काहीतरी अंगाशी आलेलं दिसतंय, हे मी ओळखलं.

"साहेब, एक पुरानी पिकअप आयी है. इंजन तो मैं चालू कर दूँगा. पर उसके मडगार्ड को हात नहीं लगाता. पहले आप देखो," तो म्हणाला.

आमच्या भागातल्या मिस्त्रींची ही जुनी रीत. धडकेची गाडी आली, की पोलिसांनी पाहिल्याशिवाय पत्रा सरळ करायचा नाही. कायद्याच्या प्रेमापोटी नव्हे, आमच्या भीतीपोटी.

मी दोन पंच घेऊन गेलो. गाडीची पार रया गेली होती. चारही टायर जमिनीला टेकलेले, गादीत उंदरांचं घर, हौद्यात माती साचून गवत उगवलेलं. इंजिन जाम झालेलं. पिस्टन सुटावेत म्हणून मिस्त्रीनं नोझल काढून त्या भोकांतून डिझेल सोडून ठेवलं होतं. हे सगळं नऊ वर्षांच्या उभं राहण्यानं झालेलं. पण डाव्या बाजूचा दिवा फुटलेला होता, मडगार्ड आत दबलेलं होतं आणि बंपरच्या पट्टीत एक फाटका धोतराचा तुकडा अडकून वाळून गेला होता. त्यावर काळपट डाग होते. मी तुकडा पाकिटात घालून लाखेचं सील केलं आणि पंचनामा लिहिला.

गाडी आणणारा मालकाचा जावई होता. बजाजनगरला राहायचा. कंपनी बंद पडल्यावर अद्रक वाहायचा धंदा करावा, म्हणून त्यानं सासऱ्याच्या शेडमधली ही गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणली होती. सासरे तेव्हा बहिणीच्या गावी गेलेले. "मामा हिला कुणाला हातच लावू देत नव्हते, साहेब. इंजिन बसलंय, सोड तिचा नाद, एवढंच म्हणायचे," असं तो सांगत होता. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकाला बोलावलं. पन्नाशीचा शेतकरी, अंगानं धिप्पाड, पण खुर्चीत बसला तो अंग चोरून.

"गाडी कशाला धडकली?"

"कुत्रं आलं हुतं साहेब."

"कुत्रं धोतर नेसलं होतं का?"

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. नंतर आवाज उतरवून चहा पाजला. काही उपयोग नाही. दोन तास तो माणूस फरशीकडे बघत राहिला. माझं टाळकं सरकायला लागलं होतं. एक सांगतो, सराईत गुन्हेगार भराभर बोलतो. जो मुळात सरळ असतो, त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. हे मला तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. मी तिला बाकावर बसवलं आणि सहज विचारलं, "बाई, गाडी बंद पडली त्या वर्षापासून यांच्यात काही फरक?"

तिनं पदर सारखा केला. "फरक म्हंजी... लई फरक, साहेब. गाडी सोडली, गाणं सोडलं. अन् आमच्या घरात पित्तरं तीन. सासरे, सासूबाई अन् यांचे चुलते. पर त्या सालापासून सर्वपित्रीला पानं चार वाढाया लावत्यात. चौथं कुणाचं म्हून इचारलं की न जेवता उठत्यात."

मी आत गेलो, दार लोटलं आणि एवढंच विचारलं, "चौथं पान कुणाचं?"

एवढा धिप्पाड गडी, पण ढसाढसा रडला. "नाव नाय ठावं, साहेब. नाव ठावं असतं तर त्याच्या मुलाबाळांच्या पायावर डोकं ठिवलं असतं."

मग सगळं बाहेर आलं. दिवेलागणीची वेळ, गौताळ्याच्या जंगलाकडचा वळणाचा रस्ता. एक माणूस एकदम पुढ्यात आला आणि धाडकन आवाज झाला. याने पुढे जाऊन गाडी थांबवली, पण खाली उतरायची छाती झाली नाही. ड्रायव्हरला जमाव कसा तुडवतो, ते त्यानं पाहिलेलं. घरी आला, गाडी शेडात घातली. सकाळी पायी परत गेला, तर रस्त्यावर रक्त, एक वहाण आणि माणूस कुठंच नाही. त्या जंगलात बिबट्या होता. याने मनाशी धरलं, की जखमीला बिबट्यानं ओढून नेलं. आमच्या भागात धोतर दोघंही नेसतात, त्यामुळे मेलेला हिंदू की मुसलमान हेही ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्रीला पान वाढायचा आणि उरुसात खुलताबादला जाऊन दर्ग्यावर फुलं वाहायचा. नऊ वर्षं.

"आता मला आत टाका, साहेब. लई थकलो," तो म्हणाला.

मी जबाब लिहून घेतला. कबुली होती, डाग होते, नव्हतं ते फक्त प्रेत. मी नऊ वर्षांपूर्वीची अकस्मात मृत्यूची नोंदवही काढली. काही नाही. बेपत्ता माणसांची काढली. काही नाही. शेजारच्या दोन ठाण्यांच्या नोंदी पाहिल्या. दरीत हाडं सापडल्याची एखादी नोंद असेल म्हणून वनखात्याकडेही विचारलं. दोन दिवस मी मेलेला माणूस शोधत होतो. अहो, तो मेलेला नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! अखेर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या जखमींच्या वहीत, मालकानं सांगितलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एक नोंद सापडली. डावा पाय मोडलेला. कारण लिहिलं होतं, झाडावरून पडला.

पत्त्यावरून निघालो, तो पोचलो थेट पिशोरच्या बाजारात. बैलांचे कासरे, म्होरक्या, गोंडे विकणारा, पाय ओढत चालणारा एक म्हातारा. साध्या कपड्यांतही त्यानं मला पोलीस म्हणून ओळखलं आणि त्याच्या हातातला कासरा गळून पडला.

"कोणत्या झाडावरून पडला होतास?"

"बाभळीवरून, साहेब."

"बाभळीवर काय काटे मोजत होतास?"

म्हातारा रडकुंडीला आला. "म्या ते धंदे तवाच सोडले, साहेब. लेकराची आन."

धडक बसली त्या संध्याकाळी त्याच्या खांद्यावर चोरून तोडलेलं चंदनाचं खोड होतं. पिकअप दिसली आणि त्याला वाटलं, जंगलखात्याचीच गाडी आली. पळायच्या नादात हा तिच्याच पुढ्यात आला. पाय मोडला, तरी ओरडला नाही. सरपटत नाल्यात उतरला आणि तोंडात पागोटं कोंबून पडून राहिला. पहाटे साथीदारानं उचलून नेलं. तेव्हापासून खाकी दिसली, की दुकान सोडून उठायचा.

मी त्याला गाडीत घातलं आणि सरळ ठाण्यात आणलं. मालकाला बायकोसह पुन्हा बोलावून घेतलं होतं; तो आत बाकावर बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "हा? हा तर कासरेवाला हाय साहेब. दर पोळ्याला याच्याकडूनच कासरे नेतो म्या."

"याचंच पान वाढत होतात तुम्ही," मी म्हणालो.

मग मालक उठला, त्याने म्हाताऱ्याचे खांदे चाचपले, हात चाचपले, त्या वाकड्या पायावरून हात फिरवला आणि तिथंच फरशीवर बसून घेतलं. म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं डोळे मोठे केले. "अरं देवा! जित्या माणसाचं पित्तर घातलं व्हय हो तुमी? माझं पान कावळा खात हुता, तरीच म्हनलं, मला भादव्यात एवढी भूक का लागती!"

ठाणं हसलं. बाहेर बसलेली मालकाची बायको हसता हसता रडू लागली. मी खिडकीकडे तोंड केलं. फौजदाराचे डोळे शिपायांनी पाहू नयेत, असा तेव्हा माझा समज होता.

सरकारी वकिलांचा सल्ला घेतला. दोन्ही गुन्ह्यांची मुदत केव्हाच उलटली होती. तसा अहवाल वर पाठवला, स्टेशन डायरीला खरं तेच लिहिलं आणि दोघांना सोडलं. आठवड्यानं मिस्त्रीनं निरोप धाडला, गाडी चालू होतेय. मीही गेलो. काळा धूर ओकत, खोकत खोकत ती सुरू झाली. मालक स्टिअरिंगवर बसला, पण गिअर टाकेना. कासरेवाला काठी टेकत आला, दार उघडून शेजारी चढला आणि म्हणाला, "चला मालक, भिऊ नका. यंदा म्या म्होरं नाय, आत बसलोय."

गाडी गॅरेजच्या बाहेर पडली आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. जमादाराला म्हणालो, "चल, आज भजी माझ्याकडून."

पुढे कितीतरी दिवस मी या प्रकरणाचा विचार करत राहिलो. तपासात मेलेल्यांच्या वह्यांआधी जिवंतांच्या वह्या उघडाव्यात, हा धडा मी पुढे प्रत्येक नव्या अंमलदाराला दिला. पण मला लागली ती दुसरीच गोष्ट. एक माणूस नऊ वर्षं स्वतःला खुनी समजत राहिला. दुसरा मोडका पाय घेऊन नऊ वर्षं लपत राहिला. दोघं दर पोळ्याला समोरासमोर उभे राहून कासऱ्याच्या भावावरून भांडत होते. यांतला एक जरी कधी ठाण्यात येऊन बोलला असता, तरी दोघं त्याच दिवशी मोकळे झाले असते. आले नाहीत, कारण दोघंही घाबरत होते ते आम्हाला. मी टेबलावर हात आपटला, तेव्हा त्या भीतीत माझीही भर पडली होती, आणि ते मी आजही विसरलेलो नाही.