कुत्रं मागं आलं

सोलापूरहून निघताना मी ठेवणीतली नारायणपेठी बॅगेत भरली आणि शेजारणीला सांगितलं, "बंगळूरला संयुक्त राष्ट्रांचं काम निघालंय, एका पोरीला सोडवायचंय." ही अगदीच थाप नव्हती. तिकडे वकिली करणाऱ्या माझ्या भाचीचा, मीराचा फोन आला होता. तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीवर चोरीची तक्रार होती. तिला दुसरी भाषा बोलता येत नव्हती आणि तिची वकील मीराच, म्हणून वेगळा दुभाषी हवा होता. अशा मुलाला दुभाषी फुकट द्यायचा, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात आहे म्हणे. फुकट म्हटल्यावर मीराला माझी आठवण झाली.

सकाळी बंगळूरच्या अलीकडे येलहंकाला उतरले. मीराने आधी तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) खाऊ घातली. मी तिसरी मागवली तेव्हा हॉटेलवाला हसून म्हणाला, "साका (पुरे का), अक्का?"

रिक्षात मीराने प्रकरण सांगितलं. मुलगी बार्शीकडची. देवनहळ्ळीच्या बाजूला शेतं मोडून नवे बंगले झालेत, त्यातल्या एकात कामाला होती. एके दिवशी घरी जायला निघाली आणि बसथांब्यावर सापडली, सोबत मालकांचं भारी जातीचं कुत्रं. मालकांनी कुत्रं चोरल्याची तक्रार ठोकली. तिला आईकडे सोडायचं की निरीक्षणगृहात ठेवायचं, ते आज बालन्याय मंडळात ठरणार होतं.

बालन्याय मंडळ म्हणजे उंच खुर्ची, काळे डगले, पिंजरा असं माझ्या डोक्यात होतं. निघाली एक साधी खोली. न्यायाधीश बाई सगळ्यांसारख्याच टेबलाशी बसलेल्या. मुलीच्या शेजारी चौकड्यांच्या शर्टातले एक गृहस्थ होते. बाप समजून मी त्यांना हिंदीत झापलं, एवढ्याशा पोरीला परमुलखात धाडताना काही वाटलं नाही का?

ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, मैं पुलिस हूँ."

मुलं दबून जाऊ नयेत म्हणून इथे पोलिसांनी गणवेश घालायचा नसतो. मी गुपचूप खुर्चीत बसले.

बाईंनी विचारलं, "क्या हुआ, बेटा?"

मुलगी म्हणाली, "म्या नेलं न्हाई. ते माझ्या मागं आलं."

एवढंच? एवढ्यासाठी का मी नारायणपेठी नेसून आले होते? मी हिंदीत रंग भरला. गरीब लेकरू आहे, मुक्या जिवाचा लळा लागला, चूक झाली, पाया पडते, माफ करा. शेवटी माझाच आवाज भरून आला.

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. हिंदी तिला बोलता येत नव्हती, पण टीव्ही बघून कळत सगळं होतं. "मावशी, म्या माफी कवा मागितली? म्या चोरलंच न्हाई."

मीराने कपाळाला हात लावला. माफी मागून मी पोरीच्या नावावर चोरी कबूल करून बसले होते. माझी पाचावर धारण बसली. यातलं बरंचसं माझ्या पदरचं आहे, असं मी बाईंना सांगून टाकलं.

"आप सिर्फ़ उसकी बात बताइए," त्या म्हणाल्या.

मी दोन वाक्यं सांगितली, जशीच्या तशी. मग त्यांनी कुत्र्याचा पट्टा कुठे होता ते विचारलं. चौकड्यांचा शर्ट म्हणाला, "बंगल्यातच, खुंटीला." वासराएवढं कुत्रं या मुलीने पट्ट्याशिवाय नेलं कसं, असं म्हणत बाईंनी तक्रारीचा कागद बाजूला सारला. घरातून का निघालीस, असं त्यांनी मुलीला विचारलं.

"आयला फोन लावू देत नव्हते."

मी तेवढंच हिंदीत सांगितलं, पुढे एक शब्दही जोडला नाही.

चोरीची तक्रार तिथेच बारगळली. एवढ्या लहान मुलीला कामाला ठेवल्याचा जाब आता मालकांना द्यायचा होता. बार्शीहून येऊन बाहेर बसलेल्या आईचा हात धरून जाताना मुलगी मला म्हणाली, "दुसऱ्या खेपेला बराबर सांगितलं तुमी."

सोलापूरला शेजारीण दारातच उभी. "सोडवलंत का पोरीला?"

लळा, लेकरू, सगळं जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. "ती तिची तीच सुटली. मी नुसता निरोप पोचवला."

"नाव काय हो तिचं?"

नाव सांगायला कायद्याने बंदी आहे. तिचं म्हणणं मात्र सांगते, माझ्या पदरचं काही न घालता: "म्या नेलं न्हाई. ते माझ्या मागं आलं."