बहिणीला गप्प करायला मी चाकणला गेलो

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात मिशनच्या छापखान्यात कंपोझिटर होतो; शिशाचे खिळे एकेक करून ओळीत बसवायचे, हे माझं काम. एका शुक्रवारी मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. आम्हाला त्या खोलीत खुर्ची कधी मिळत नसे.

"तुमची बहीण ग्रामपंचायतीला उभी राहतेय," साहेब म्हणाले. "तिच्या गावच्या मिशनरीसाहेबांचं पत्र आलंय. अर्ज मागे घ्यायला सोमवारपर्यंत मुदत आहे. जाऊन समजवा तिला. आणि ही पत्रकंही घेऊन जा."

पत्रकं मीच जुळवली होती. बाईनं पुरुषांवर अधिकार चालवणं शास्त्राला मंजूर नाही, म्हणून ख्रिस्ती बाईनं निवडणुकीला उभं राहू नये आणि ख्रिस्ती माणसानं बाईला मत देऊ नये, असा मजकूर. जुळवताना मी फक्त काना-मात्रा बघितल्या होत्या. हे माझ्या ताईसाठी आहे, हे आत्ता कळलं.

करुणाताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. चाकणपासून तीन मैलांवरच्या एका गावात ती बाळंतपणं करायची, रीतसर शिकलेली नर्स होती. तिचे यजमान योसेफदाजी तिथल्याच मिशनच्या शाळेत मास्तर. राहायचं घर मिशनचं. आई त्यांच्याजवळच असे. थोडक्यात, आमच्या दोन्ही घरांची चूल मिशनच्या पगारावर पेटत होती.

शनिवारी सकाळी निघालो. शिवाजीनगरहून चाकणला सरळ एसटी होती, पण मी मुद्दाम आगगाडीनं पिंपरीला उतरलो. उशिरा पोचायला निमित्त हवं होतं. पिंपरीत औषधांचा कारखाना नवा नवा उभा राहिला होता, त्याच्या भिंतींचा चुनाही अजून पांढराशुभ्र होता. पलीकडे निर्वासितांच्या छावणीत एक सिंधी बाई डाळ आणि कुरकुरीत पकवान विकायची. नवे पैसे येऊनही ती आण्यातच बोलत होती. चार आण्यांत पोट भरलं. चव झकास असते म्हणे. मला ती लागली नाही. पत्रकांचा गठ्ठा मी मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

तिथून कासारवाडीच्या फाट्यापर्यंत चालत आलो आणि नाशिक रस्त्याची एसटी धरली. भोसरी सोडली की दोन्ही बाजूंना नुसती शेतं. मोशीला इंद्रायणीचा पूल, मग चढ. त्या बाजूला जाणाऱ्यानं उजवीकडची खिडकी धरावी, दुपारचं ऊन लागत नाही. शनिवार चाकणच्या बाजाराचा, त्यामुळे गाडी खच्चून भरलेली. माझ्या पुढच्या बाकावर दोन शेतकरी बोलत होते.

"नर्सबाई उभी ऱ्हातीय म्हनं."

"व्हय. माजी तिन्ही नातवंडं तिच्याच हातनं झाल्यात. मत तिलाच."

"पर किरिस्तावांच्या सायबानं तिला मना केलंया."

"सायबाला काय करायचंय? पंचाईत गावाची हाय का त्येची?"

दोघं हसले. मांडीवरच्या गठ्ठ्यावर काय छापलंय हे त्यांना कळलं तर, या विचारानं मी तो उलटा करून धरला.

चाकणला उतरलो तर स्टँडभर कांद्याच्या गोण्या. एक कप चहा घेतला, पडक्या किल्ल्याच्या तटावर उगाच जाऊन आलो, मग गावाची पायवाट धरली. आधी ताईकडे नाही, मिशनच्या बंगल्यावर गेलो.

मिशनरीसाहेब उंच, वाळलेला, पुस्तकी पण शुद्ध मराठी बोलणारा माणूस. त्याला वाईट म्हणणं सोपं नाही. पटकीच्या साथीत त्यानं परक्या लोकांची प्रेतं स्वतःच्या खांद्यावरून नेली होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण शास्त्रातल्या अक्षराच्या बाहेर तो तसूभरही सरकत नसे. त्यानं गठ्ठा उघडला, एक पत्रक नीट वाचलं आणि म्हणाला, "मी आपल्या भगिनीचा वैरी नाही. मला तिच्या आत्म्याची चिंता वाटते." त्याचे डोळे खरोखर भरले होते. त्यानं मी जास्तच घाबरलो. रागावलेल्या माणसाशी तरी काही बोलता येतं.

ताई अंगणात कात्री आणि चिमटे उकळत होती. मला बघून म्हणाली, "आलास? कोणी पाठवलं ते विचारत नाही. हातपाय धू."

जेवताना मी विषय काढला. दाजी भाकरीकडे बघत होते. आई म्हणाली, "माजंबी त्येच म्हननं हाय. देवाच्या मानसाचा शबुद मोडू न्हाई."

ताई शांतपणे म्हणाली, "आई, परवा ठाकरवाडीतली पोर कुठे बाळंत झाली, ठाऊक आहे? गोठ्यात. म्हशीला बाहेर काढून जागा केली मी. नव्या कायद्यानं पंचायतीत बायकांना जागा ठेवल्यात. मला तिथून बाळंतपणासाठी एक खोली पास करून घ्यायचीय. पक्की, लादी घातलेली. बस, तेवढंच."

"आणि दाजींची नोकरी?" मी विचारलं.

ती दाजींकडे वळली. दाजी भाकरी बाजूला ठेवून म्हणाले, "मी तिला उभी राहा म्हटलं नाही. राहू नको असंही म्हणवत नाही."

रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला गेलो. दारातच पत्रकं वाटली जात होती. ताईनं एक घेतलं, घडी करून पदरात ठेवलं आणि बायकांच्या बाजूला आपल्या नेहमीच्या जागी बसली. उपदेश लांबला. शेवटी मिशनरीसाहेब थेट तिच्याकडे वळले.

"भगिनी करुणा, आपण अर्ज मागे घेणार ना? मंडळीसमोर सांगा."

मंडळी म्हणजे देवळात जमलेली आमची ख्रिस्ती सभा; तिच्यातल्या सगळ्या माना वळल्या. ताई उभी राहिली. "साहेब, बाईनं मंडळीत गप्प बसावं असं तुम्ही शिकवता, म्हणून मी इथे कधी बोलले नाही. आज तुम्हीच विचारलंत म्हणून बोलते. पंचायत म्हणजे मंडळी नाही. अर्ज राहील." आणि ती बसली.

साहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. ते म्हणाले, "मग प्रभूचं मेज आपल्याला बंद आहे."

प्रभूचं मेज म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून घ्यायचं प्रभुभोजन; त्याच्या भाकरीची थाळी फिरू लागली. आमच्या लोकांत यापेक्षा मोठी शिक्षा नाही. बायकांच्या ओळीतून थाळी पुढे सरकली, ताईला ओलांडून आईपुढे आली. आईचा हात उठला. उभ्या जन्मात तिनं एकदाही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. हात थाळीवर क्षणभर थांबला, मग तिनं थाळी तशीच पुढे सारली. "माज्या लेकीला न्हाई, तर मला बी नगं," एवढंच म्हणाली. आवाज लहान होता, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

मग थाळी पुरुषांकडे आली. दाजींनी तुकडा घेतला. माझ्यापुढे थाळी आली तेव्हा साहेबांची नजर माझ्यावर होती. छापखाना, भाड्याची खोली, माझ्या बायकोचा, सरलाचा, सातवा महिना, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

मी घेतला.

सोमवारी सकाळी ताई मला सोडायला चाकणपर्यंत चालत आली. तीन मैल ती फक्त सरलाबद्दल विचारत होती: पायांना सूज आहे का, चक्कर येते का. गाडी लागल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, काल मी..."

"बरं केलंस," ती म्हणाली. "घरात एक तरी पगार राहायला हवा." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं दीड महिन्यानं आईच्या सांगण्यावरून कुणीतरी लिहिलेल्या पत्रातून कळलं. ताई निवडून आली. ख्रिस्ती आळीतली बरीच मतं तिला पडली नाहीत. मराठ्यांची, माळ्यांची, ठाकरांची पडली. दाजींची बदली जालन्याकडच्या शाळेत झाली, मिशनचं घर गेलं. दाजी एकटे गेले. ताई आणि आई त्या बसमधल्यासारख्याच एका शेतकऱ्याच्या पडवीत राहायला गेल्या. खोली बांधून व्हायला पुढे तीन वर्षं लागली. मेज ताईला उघडलं ते साहेब मायदेशी परतल्यावर. आई तोवर राहिली नव्हती.

चाकण बघण्यासारखं आहे का, असं मला कुणी विचारलं तर काय सांगू? किल्ला आहे, बाजार आहे, मोशीचा पूल आहे. मला मात्र एक हातच आठवतो, थाळीवर थांबलेला.

त्या सोमवारी मी दुपारी घरी पोचलो. सरला दारातच बसली होती. "झालं का काम?" तिनं विचारलं. मी काहीच लपवलं नाही, देवळातलं सगळं सांगितलं, माझंही. तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "मग आता काय करणार तुम्ही?"

"उद्या आठला कामावर जाणार," मी म्हणालो.

आणि गेलो.