एका हाताचा पंच

छाया देशकरला लोक विचारत, नवऱ्याला बोलता येत नाही तर दिवसभर करता तरी काय? ती म्हणे, पहिले सहा महिने काहीच केलं नाही, नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसले. ते अगदी खोटंही नव्हतं.

दोन हजार अठराच्या डिसेंबरात, बाहेर उणे अठ्ठावीस असताना, चारुदत्त सकाळी दात घासता घासता बेसिनपाशीच खाली बसला. अँब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं, मग दोन महिने रिहॅब. घरी आला तेव्हा काठीच्या आधारानं चार पावलं टाकत होता. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. आणि शब्द गेले. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं की समजलंय. पण तोंडातून एकच शब्द निघे, ‘चला’. चहा हवा असला तरी चला, नको असला तरी चला, पाठ दुखली तरी चला. नागपूरच्या पाटबंधारे खात्यात आणि नंतर दहा वर्षं कॅनडात, रेजिनाला, प्रांताच्या पाणी विभागात ज्यानं पानंच्या पानं रिपोर्ट लिहिले, त्या माणसाकडे एवढाच शब्द उरला होता.

ओक्साना नावाची स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी यायची. मूळची इथल्याच एका खेड्यातली, आजी-आजोबा युक्रेनचे. तिनं चित्रांचा एक तक्ता दिला होता. कप, पलंग, गोळी, वॉशरूम. बोट ठेवायचं आणि मागायचं. चारुदत्तनं तो तक्ता एकदा पाहिला आणि डाव्या हातानं टेबलावरून असा लोटला की तो थेट फ्रिजपर्यंत गेला. ओक्साना रागावली नाही. ती म्हणाली, त्यांना लहान मुलासारखं वाटत असेल. आपण दुसरी वाट शोधू. छायाला मात्र त्या दिवशी रडू फुटलं. ती ग्रोसरी स्टोअरच्या बेकरीत अर्धा दिवस काम करायची आणि उरलेला अर्धा दिवस या एका शब्दाचा अर्थ लावायची. दमली होती ती.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट बरी घडली होती. रस्त्यापलीकडच्या वॉल्टरनं, सत्तरीच्या विधुर शेतकऱ्यानं, काही न बोलता त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ रोज शोव्हल केला. छाया थँक यू म्हणायला दार उघडेपर्यंत तो आपल्या घरात गेलेला असे.

मे महिना संपता संपता टोरांटोजवळच्या ओकव्हिलहून यामिनीचा, त्यांच्या लेकीचा फोन आला. टोरांटोचा संघ पहिल्यांदाच बास्केटबॉलच्या फायनलला पोहोचला होता. समोर कॅलिफोर्नियाचा संघ, गेली दोन वर्षं ओळीनं जिंकलेला. सात मॅचेसपैकी चार जिंकेल तो चँपियन. यामिनी म्हणाली, ‘‘आई, बाबांना लावून दे. टोरांटोत रात्र होते, पण तुमच्याकडे सातलाच सुरू होईल.’’

छायानं टीव्ही लावून दिला आणि ती पोळ्यांकडे वळली. जूनच्या तोंडावर रेजिनात सातला लख्ख ऊन असतं. हॉलमध्ये टीव्हीच्या काचेवर ते येत होतं म्हणून खिडकीचा पडदा ओढायला ती आत आली, तर चारुदत्तचा डावा हात ताठ वर गेलेला आणि मूठ घट्ट आवळलेली. मूठ खाली आली, पंजा झाला. मग दोन बोटं मनगटातून खाली झटकली. तिला वाटलं, झटका येतोय. तिनं पोळपाट-लाटणं तसंच टाकून यामिनीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्याच्याकडे धरला.

यामिनी क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘आई, घाबरू नको. बाबा रेफ्री करून राहिलेत.’’

आता हे सांगायला हवं की चारुदत्त नागपूरला बास्केटबॉलचा पंच होता. नोकरी सांभाळून वीस वर्षं त्यानं ते केलं, धंतोलीच्या मैदानापासून राज्य स्पर्धांपर्यंत. रविवारी सकाळी पांढरे बूट घालून तो जो जायचा तो दुपारी जेवायची वेळ टळल्यावर यायचा. यामिनी लहानपणी त्याच्याबरोबर जाऊन स्कोअरच्या टेबलापाशी बसायची, म्हणून तिला सगळ्या खुणा पाठ. छाया एकदाही गेली नव्हती. तिला त्या शिट्टीचा मनस्वी राग होता. यामिनीच्या बारशाला बायका जमल्या, पाळणा सजला, आणि बाप आला तो घामाजलेला, गळ्यात शिट्टी अडकवून. तो प्रसंग ती विसरली नव्हती. कॅनडात आल्यावर पंचगिरी आपोआप सुटली तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं होतं.

त्या संध्याकाळी टोरांटो जिंकलं. छाया पोळ्या सोडून सोफ्यावर बसली होती, पण मॅच तिनं पाहिली नाही. ती नवऱ्याचा हात पाहत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो न चुकता, न अडखळता काही तरी सांगत होता.

दुसरी मॅच रविवारी. कॅलिफोर्नियाच्या एका खेळाडूनं चेंडू टप्पा न देता हातात धरून पावलं टाकली असं चारुदत्तचं मत पडलं; टीव्हीवरच्या पंचांनी शिट्टी काही दिली नाही. चारुदत्त खवळला. डावी मूठ तो छातीपुढे गोल फिरवू लागला, आणि एकदम थांबून मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघू लागला. त्या खुणेला दोन मुठी लागतात, एकीभोवती दुसरी फिरवायची असते. हे छायाला माहीत नव्हतं. पण त्याचं ते बघणं तिला कळलं. ती त्याच्या उजव्या अंगाला सरकली, आपली मूठ आवळून त्याच्या मुठीपुढे धरली, आणि दोघांच्या मुठी एकमेकींभोवती फिरल्या. चारुदत्त हसला. हसताना तोंड एका बाजूला जायचं, तरी हसलाच.

ती मॅच टोरांटो हरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छाया चहा गाळत असताना चारुदत्त दाराजवळ उभा राहून मूठ फिरवत होता. ती म्हणाली, इथे कोणी चेंडू घेऊन चाललंय का? त्यानं मान हलवली, मूठ पुन्हा फिरवली आणि दाराकडे बोट केलं. छायाच्या लक्षात आलं. पावलं. त्याला बाहेर फिरायला जायचं होतं.

त्या दिवशी दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. आणि मग एकेक खूण घरात येत गेली. उघडा पंजा वर म्हणजे थांब, जरा दम घेऊ दे. मूठ वर म्हणजे हे काही मला पटलं नाही. ही बहुधा भाजीच्या बाबतीत असे. पंजाखाली बोट टेकवून टाइम आउट म्हणजे आता पडतो जरा. त्यालाही दोन हात लागत, मग बोट त्याचं आणि पंजा छायाचा. ओक्सानाला तिनं भीतभीतच दाखवलं, न जाणो शब्द यायला याची आडकाठी व्हायची. ओक्साना वही मिटून समोर बसली आणि म्हणाली, ही तर भाषाच आहे, मलाही शिकवा. छायानं तिला मुठी फिरवायला शिकवल्या. चारुदत्तनं तिची चूक सुधारली.

तिसरी मॅच टोरांटोनं जिंकली. चौथीला, शुक्रवारी, छायानं वॉल्टरला बोलावलं. तो टोपी काढून सोफ्याच्या कडेवर बसला. त्याला इथला, चेंडू हातात घेऊन धावायचा फुटबॉल आणि हॉकी यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. लांबून टाकलेला चेंडू बास्केटमध्ये पडला, चारुदत्तनं तीन बोटं वर केली, छायानं दुसऱ्या बाजूनं आपली तीन बोटं वर केली, तसं दोन हात वर गेलेले पाहून वॉल्टरनं फुटबॉलच्या भाषेत विचारलं, ‘‘टचडाउन?’’ चारुदत्त इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मॅचभर तो वॉल्टरला खेळ शिकवत होता, एका हातानं. वॉल्टर स्वभावानंच अबोल, त्यामुळे त्याला कशाचीच उणीव जाणवली नाही. टोरांटो तीन-एक असं पुढे गेलं.

सोमवारी पाचवी मॅच. जिंकलो असं वाटत असताना टोरांटो एका गुणानं हरलं. टीव्ही बंद करून दोघं बसली होती. बाहेर अजून उजेड होता. छायाला काय झालं कोण जाणे, ती एकदम बोलायला लागली. त्या शिट्टीचा आपण किती राग केला, बारशाच्या दिवशी बायकांसमोर त्याला काय काय बोललो, एकदा त्याचे बूट मुद्दाम माळ्यावर टाकले होते, सगळं सांगितलं. ‘‘तुमच्या त्या खेळाला मी कधी आपलं म्हटलं नाही,’’ ती म्हणाली, ‘‘आणि आज तोच तुम्हाला परत घेऊन आला.’’

चारुदत्त ऐकत होता. मग त्यानं डावा हात छातीवरून आडवा, सपकन बाहेर नेला. पुन्हा एकदा नेला. ही खूण छायानं आधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, पुरे कर म्हणतोय, रागावलाय. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर यामिनीला सगळं सांगितलं आणि ती खूण करून दाखवली. यामिनी म्हणाली, खरं तर दोन हातांची आहे ती, पण कळली. ‘‘बास्केट झाली तरी मोजायची नाही, असं सांगायचं असलं की करतात. आई, बाबा म्हणाले, ते धरायचं नाही.’’

छाया फोन ठेवून हॉलमध्ये गेली. चारुदत्त खिडकीपाशी बसला होता. त्याच्याजवळ खुर्ची ओढून ती बसली.

गुरुवारी सहावी मॅच. वॉल्टर स्वतःहून आला, आपल्या लेकीच्या घरून आणलेला रूबार्ब पाय, आंबट देठांचं गोड सारण भरलेला, घेऊन. शेवटी टोरांटो एका गुणानं पुढे होतं आणि घड्याळात एक सेकंदही पूर्ण उरला नव्हता. सगळा खेळ थांबला. पंच टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघत होते, यामिनीचा फोन चालूच होता, त्यातून ओकव्हिलमधल्या मोटारींचे हॉर्न येत होते. वॉल्टर उठून उभा राहिला आणि विचारू लागला, झालं का, जिंकलो का? चारुदत्तनं पंजा वर धरला. अजून नाही. घड्याळ थांबलंय. त्या खोलीत तेवढा एकच माणूस शांत होता. फ्री थ्रो झाले, ते एका सेकंदाच्या आतलं काय ते संपलं, टोरांटो चार गुणांनी जिंकलं, तेव्हाच त्यानं हात खाली घेतला.

मग तो छायाकडे वळून म्हणाला, ‘‘चा… या.’’

ती उठलीच. चहा हवा होता त्याला, आणि चला न म्हणता त्यानं तो नाव घेऊन मागितला होता! तिनं आधण ठेवलं, आलं किसलं, डोळे पुसले. कप घेऊन आली तर त्यानं मान हलवली. कप घेतला नाही. बोट तिच्याकडे करून पुन्हा म्हणाला, ओठ सावरून, जोर लावून, ‘‘छा… या.’’

तो चहा वॉल्टरनं प्यायला.

याच्यापुढचं काही चमत्कारासारखं झालं नाही. हात तसाच राहिला. शब्द एकेक करून, आपल्या लहरीनं आले. आज आलेला उद्या हरवायचा. मुठी आणि पंजे चालू राहिले. फुटबॉलचा सीझन सुरू झाला तसा चारुदत्त रस्ता ओलांडून वॉल्टरकडे मॅच बघायला जाऊ लागला. त्याला त्यातलं फारसं कळत नसे, पण पंचांच्या चुका तो बरोबर दाखवायचा.

ऑक्टोबरात ओक्सानानं सांगितलं की आता महिन्यातून एकदा आलं तरी पुरेल. छायाला तिच्यासाठी काही तरी करायचं होतं. इंग्रजीत नीट सांगता येईल अशातली ती कृतज्ञता नव्हती. तिनं तीन दुकानं फिरून कोथिंबिरीच्या जुड्या जमवल्या आणि नागपूरला करतात तशा, आत कोथिंबिरीचं सारण भरलेल्या सांबारवड्या तळल्या; तिकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. ओक्साना बूट काढून टेबलाशी बसली, एक खाल्ली, दुसरी घेतली. म्हणाली, माझी आजीही असंच आत काही तरी भरून पीठ मुडपायची. मग तिनं विचारलं, याला म्हणतात काय?

छाया सांगणारच होती. चारुदत्तनं पंजा वर करून तिला थांबवलं.

‘‘सांबार,’’ तो म्हणाला. थांबला, श्वास घेतला. ‘‘वडी.’’

ओक्सानानं म्हणून पाहिलं, ते भलतंच काही झालं. चारुदत्तनं मूठ वर केली आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं.