हट्टीपणाचे पुरावे

आमच्या घरात एखाद्याबद्दल एकदा ठरलं की ठरलं. धाकटी बहीण हट्टी आहे, हे असंच ठरलं होतं. चार वर्षांची असताना तिला मोठा ताप आला, आईने लाड केले, म्हणून बिघडली. झालं! मग पुराव्यांना काय तोटा? पाठमोरी असताना हाक मारली, वळली नाही. हट्टी. संध्याकाळी लाइट गेली की आईचे ओठ चाचपडत बसायची, कुणाचं म्हणून ऐकायची नाही. हट्टी, आणि वर भित्रीसुद्धा.

आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहायचो. वडील कापडाच्या कारखान्यात लूमवर होते. संच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं आधी खांद्याला हात लावतात, समोर येतात आणि मग ओठ मोठे करून, हातवारे करून बोलतात. ती सवय घरी आली होती. आईसुद्धा स्टोव्हजवळून उठून समोर यायची आणि मगच जेवायला चला म्हणायची. अशा घरात कुणाच्या काय लक्षात येणार? बहीण चटचट उत्तरं द्यायची. मोठ्याने बोलते म्हणावं, तर आमच्यात हळू कोण बोलत होतं?

तिला पहिलीत घातलं आणि तमाशा सुरू झाला. सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे, ही इकडेतिकडे बघत बसायची. सरांनी ठरवलं, पोर उर्मट आहे. तेही आमच्यासारखेच हुशार! एका शनिवारी त्यांनी निरोप धाडला, की पोरगी अशीच वागणार असेल तर सोमवारपासून पाठवू नका. आई रडली. बहिणीला तर शाळेचं वेड होतं, सुट्टीच्या दिवशीही दप्तर पाठीला लावून बसायची. मला तिचा राग यायचा आणि दयाही यायची.

रविवारी धुळ्याकडून काकू आली. थोरल्या दिरासमोर पदर तोंडावर ओढूनच बोलायचं, ही आमच्याकडची रीत. वडील दारातच बसलेले, म्हणून काकू पदराआडून बहिणीला काहीतरी विचारू लागली. बहीण नुसती बघत राहिली. काकूने पुन्हा विचारलं. आई म्हणाली, पाहुण्यांशीही हिचं हेच. तेवढ्यात बहिणीने हात घालून काकूचा पदर खाली ओढला.

अगं बाई! भर घरात, दिरासमोर! काकू किंचाळली. मी बहिणीला धपाटा घालायला उठले, तर वडिलांनी मला अडवलं. ते म्हणाले, काकू काय बोलली ते त्यांनाही कळलं नव्हतं. इतक्या वर्षांत काकूचं पदराआडचं बोलणं त्यांना कधीच कळलं नव्हतं.

मग ते उठून बहिणीच्या पाठीमागे उभे राहिले. आधी हळू हाक मारली, मग मोठ्याने, मग कारखान्यात मारतात तशी. गल्लीतली माणसं दारात आली. बहीण काकूच्या तोंडाकडे बघत तशीच उभी.

आईने बहिणीला जवळ ओढलं. ती हट्टी असती तर किती बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

सोमवारी आम्ही तिला घेऊन शाळेत गेलो. सर म्हणाले, "पण ती तर बोलते!" वडिलांनी त्यांना सांगितलं, बोलायला ती तापाआधीच शिकली होती, कान तापात गेले. सर ओशाळले, आणि त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवून तिच्याकडे तोंड करून शिकवायचं कबूल केलं.

शाळा सुटल्यावर पायरीवर वडील तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सावकाश ओठ हलवत सांगू लागले, तुला ऐकू येत नाही, म्हणून सर आता तोंड दाखवून बोलतील. तिला काही उमगेना. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "तुमले तोंड न देखता समजस का?"

वडील मान हलवून म्हणाले, "माले बी नही, बेटा."