घरच्या घरी बदललेला गिअरबॉक्स

आमच्या जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी आणि माझा धाकटा भाऊ विनू, आम्ही दोघांनी घरच्या घरी बदलला. त्यानंतर भाचीच्या लग्नात जे काही झालं, त्यात गिअरबॉक्सचा काहीही दोष नव्हता.

दिवेआगरला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि चार खोल्यांचं होमस्टे आहे. नारळ न्यायला आणि पाहुणे आणायला एकच गाडी असावी म्हणून मागे सीट आणि त्यामागे उघडा हौदा असलेली ही पिकअप मी जुन्यात घेतली. क्लच नाही, गिअर टाकायचे नाहीत, दांडा एकदा 'डी'वर ओढला की गाडी आपली आपण चालते. बायकोचं, म्हणजे वसुधाचं म्हणणं असं, की या घरात आपलं आपण चालणारं तेवढं एकच होतं, तेही मी बिघडवलं.

झालं असं की भाचीच्या साखरपुड्याला निघालो आणि दिघीच्या अलीकडच्या चढावर गाडी नुसती ओरडायला लागली, पुढे जाईना. वसुधा मागून आलेल्या एसटीला हात दाखवून निघून गेली, आणि मी गाडीजवळ बसलो. (साखरपुडा छान झाला असं ऐकलं.) आमच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "काका, आटोम्याटिकला मी हात लावत न्हाय. आतलं काय सुटलं तर परत बसायचं न्हाय."

विनूनं मात्र फोनवर व्हिडिओ पाहिले होते. तो अलिबागला बँकेत आहे. "दादा, काहीच नाहीये त्यात," तो म्हणाला. "जुना खाली घ्यायचा, दुसरा वर चढवायचा. बाहेरचा माणूस कशाला?"

पनवेलकडच्या एका भंगारवाल्याकडे त्याच जातीच्या, ठोकर खाल्लेल्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स मिळाला. लग्न आठवड्यावर आलं होतं, रुखवत आणि नारळ आमच्याच गाडीतून मुरूडला जायचे होते, आणि मुलीचा मोठा मामा म्हणून तिला मांडवात घेऊन यायचा मान माझा होता. एकूण काय, गाडी चालू होणं भाग होतं.

आम्ही गाडी अंगणात चिऱ्यांवर चढवली आणि खाली शिरलो. आधी सगळं तेल काढून मगच पाइप सोडवायचे असतात हे व्हिडिओत होतं, पण तो व्हिडिओ विनूनं मधूनच बघायला सुरुवात केली होती. पाइप सुटला आणि लालभडक तेलाची धार माझ्या छातीवर आली. मी बाहेर सरकलो तेव्हा पुण्याचे एक पाहुणे पोह्यांची बशी घेऊन उभे होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "कुणाला बोलवू का?"

वसुधा बाहेर आली. तिनं आधी अंगण पाहिलं, मग मला. "लग्नघरी असा लाल सडा कुणी घालत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

पण मित्रहो, जुना गिअरबॉक्स खाली आला! दुसरा वर चढवायला दोन पाहुणे, शेजारचे दोघे आणि विहिरीवरची चेन-पुली लागली. तो जागेवर बसल्याचा 'खट्' असा आवाज आला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या पाहुण्यांनी आमचा फोटो काढला. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की मी चुकून शेतीत आलो, मी मुळात इंजिनिअर होतो.

आता फक्त दांड्याची केबल जोडायची होती. विनूनं ती जोडली, नट आवळला, आणि सुटू नये म्हणून पान्याला लोखंडी पाइप लावून पुन्हा आवळला.

गाडी चिऱ्यांवरून उतरवून मी आत बसलो, दांडा 'पी'वर ठेवला, म्हणजे पार्किंगवर, आणि चावी फिरवली. काही नाही. दांडा हलवत हलवत 'आर'वर, म्हणजे रिव्हर्सवर आणला, तर गाडी एकदम सुरू झाली! पण जागची हलेना. म्हणून दांडा परत 'पी'वर नेला आणि ब्रेकवरचा पाय काढला. पार्किंगमध्ये असलेली माझी गाडी दिमाखात मागे निघाली आणि वसुधानं वाळत घातलेल्या सुपारीवर जाऊन थांबली.

"एक घर चुकलंय फक्त," विनू गाडीखाली डोकावून म्हणाला. "केबल एक घर सरकून बसलीय. पार्किंगला रिव्हर्स पडतोय, रिव्हर्सला न्यूट्रल, आणि न्यूट्रलला गाडी पुढे जाते."

"मग सरकव परत."

"नटाच्या कडाच गेल्यात, दादा. पाना धरतच नाही."

लग्न दुसऱ्या दिवशी होतं. विनू थोडा वेळ डोकं खाजवत बसला, मग "मुरूडला बरीच कामं पडलीत" म्हणून मोटरसायकल काढून चालता झाला. वसुधानं डॉक्टरी चिकटपट्टीचे तुकडे कापले, दांड्याशेजारी चिकटवले आणि पेनानं लिहिलं: मागे, उभी, पुढे.

"इंग्रजी अक्षरांकडे बघायचं नाही," ती म्हणाली. "मी सांगेन तेवढंच करायचं."

"लग्न झाल्यापासून तेच करतोय," मी म्हणालो.

सकाळी रुखवत, नारळांच्या गोणी आणि शहाळी मागे भरून निघालो. वसुधा बाजूला बसून "पुढे", "उभी" असं म्हणत होती आणि दिघीपर्यंत आम्ही इतके छान गेलो, की मला शीळ घालावीशी वाटली. आगरदांड्याला जाणारी फेरीबोट लागलेलीच होती. गाडी चढवायच्या आधी माणसांना उतरवतात, म्हणून वसुधा उतरून वर जाऊन बसली. मी एकटाच गाडी बोटीवर नेली. मागोमाग फुलांनी सजवलेली एक पांढरी गाडी आली.

बोटीवरचा माणूस माझ्या खिडकीशी आला. "काका, पार्किंगला टाका न् बंद करा."

आता इतक्या अधिकारानं कुणी सांगितलं की माझा हात आपोआप ऐकतो. मी दांडा 'पी'वर ढकलला आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

काय झालं ते कळायच्या आत मागून काहीतरी चुरडल्याचा आवाज आला. गोणी आडवी झाली आणि नारळ एकामागून एक त्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर पडायला लागले. मी चावी काढली, हँडब्रेक ओढला आणि बाहेर आलो. समोर फेटा बांधलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात झेंडूची तुटलेली माळ होती.

"तुम्ही गाडी मागे का घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"मी मागे घेतली नाही. मी पार्क करत होतो."

"माझ्या बॉनेटवर?"

माझं चुकलं होतं, त्यामुळे मला आवाज चढवणं भाग होतं. "एवढं चिकटून कुणी उभं राहतं का? लग्नाला चाललायत की शर्यतीला?"

"लग्नालाच चाललोय," ते म्हणाले. "मुलाच्या."

मुलाकडचं श्रीवर्धनचं वऱ्हाड याच बोटीनं जाणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. एवढ्यात वसुधा जिन्यावरून खाली आली, नारळ पाहिले, गाडी पाहिली आणि पदर सावरून म्हणाली, "नमस्कार अण्णा. साखरपुड्याला ओळख करून द्यायची राहिली होती. हे आमचे हे. मुलीचे मोठे मामा."

अण्णांनी मला फेट्यापासून... नाही, फेटा त्यांना होता. मला नखशिखांत पाहिलं. "गाडीत काही बिघाड आहे का?"

"बिघाड नाही," मी म्हणालो. "आम्ही गिअरबॉक्स बदललाय. घरी."

"का?" अण्णा म्हणाले. मी खाली वाकून नारळ गोळा करायला लागलो.

आगरदांड्याला पोचेपर्यंत पांढऱ्या गाडीच्या खाली हिरव्या पाण्याचं तळं साचलं. रेडिएटर फुटला होता. वऱ्हाडाची बस पुढच्या फेरीनं येणार होती, मुहूर्त जवळ आला होता, आणि धक्क्यावर दुसरं वाहन नव्हतं. नवरदेव, अण्णा आणि नवरदेवाची आई आमच्या मागच्या सीटवर बसले. वाटभर वसुधा म्हणत होती, "पुढे. पुढे. उभी. पुढे." मध्येच नवरदेवानं आईला हळूच विचारलं, "काकू असं का म्हणतायत?" आई म्हणाली, "स्तोत्र असेल काहीतरी."

मुरूडला मांडव चढावर होता. आमची गाडी वळणावर दिसताच बँड सुरू झाला. माझी बहीण ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आली. तिला वाटलं होतं वराची सजवलेली गाडी येईल. आला तो मी. तरीही तिनं हसून निरांजन उचललं.

"उभी," वसुधा म्हणाली.

मी गाडी उभी केली. अगदी बरोबर, चिकटपट्टी वाचून केली. आता मी चुकणार नव्हतो! मी समाधानानं दोन्ही पाय सैल सोडले आणि बहिणीला नमस्कार केला. पण आमची 'उभी' म्हणजे न्यूट्रल, आणि हँडब्रेक मी ओढलाच नव्हता. गाडी उतारावरून हळूहळू मागे जायला लागली.

बहिणीनं एक पाऊल पुढे टाकलं. गाडी आणखी मागे गेली. ती ज्योतीला हाताचा आडोसा धरून नवरदेवाच्या खिडकीमागे चालू लागली. बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली, ते वाजवत तिच्या मागोमाग उतरू लागले. त्यांच्या मागे सगळा मांडव. मी गोंधळून दांड्याकडे बघत होतो आणि आता मराठी वाचावं की इंग्रजी, ते मला ठरवता येईना. शेवटी अण्णांनी दोन सीटमधून वाकून दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि विनूनं धावत येऊन चाकाखाली चिरा सरकवला. बहिणीनं दम खात तिथंच रस्त्यात नवरदेवाला ओवाळलं.

लग्न वेळेवर लागलं. भाचीला मांडवात मीच घेऊन आलो. अण्णा जरा बाजूला सरकून उभे राहिले, पण अक्षता त्यांनी मनापासून टाकल्या.

पुढे श्रीवर्धनला पूजा ठरली आणि अण्णांचा स्वतः फोन आला. "मामा, नक्की यायचं हं. एसटी अगदी आमच्या दारात थांबते."

"अहो, आता गाडी नीट झालीय," मी म्हणालो. "पनवेलहून माणूस येऊन केबल बसवून गेला."

"छान झालं. तरी एसटीनंच या," अण्णा म्हणाले. मग काळजीनं म्हणाले, "आणि मामा, ड्रायव्हरच्या जवळ बसू नका."

मी शेवटच्या सीटवर बसून गेलो.